वाचक विचारतात : बिरड्याच्या सणानंतर दोन दिवसांनी

मागच्या अंकात कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे आम्हा मराठी ज्यूंच्या, कबरस्तानांवर दोन पानं लिहिली होती, त्यावर एवढी पत्रं आणि मेसेज आले की हा अख्खा कॉलम त्यांनाच देतेय. सगळ्यांची नावं काढून टाकली आहेत, गाव तेवढं ठेवलंय. मी स्वतः बेने इस्राएल, ठाण्याची, मूळ अलिबाग तालुक्यातली, त्यामुळे काही उत्तरं घरातूनच आली आहेत.

प्रश्न : आजीची बरसी धरायची आहे पण ती गेली ती तारीख घरात कुणालाच माहीत नाही. कागद नाही, दगडही नाही. वडील म्हणायचे "पाऊस होता". एवढ्यावरून काय करणार? (पेण)

पाऊस होता हे कमी नाही हो. माझ्या आईची एक मावशी होती, तिच्याबद्दल घरात एकच वाक्य होतं, "स्वातंत्र्याच्या साली, बिरड्याच्या सणानंतर दोन दिवसांनी गेली". आमच्याकडच्या जुन्या बायका सणांची हिब्रू नावं घ्यायच्याच नाहीत, रोश हशाना म्हणजे नव्याचा सण, योम किप्पूर म्हणजे दारफाळणीचा, पुरीम म्हणजे होळीचा, आणि जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या शोकाचा उपास म्हणजे बिरड्याचा सण, कारण त्यात वालाचं बिरडं. तो उपास हिब्रू आव महिन्याच्या ९ तारखेला येतो. १९४७ साली ९ आव आली २६ जुलैला. झालं, २६ अधिक २ म्हणजे २८ जुलै, असं मी खुशाल वहीत लिहून टाकलं होतं.

मग आईची आतेबहीण म्हणाली की मंगळवार होता, तिला पक्कं आठवतंय. २८ जुलै १९४७ ला सोमवार येतो. म्हटलं म्हाताऱ्या माणसाची आठवण, असेल चूक. चूक माझीच होती. २६ जुलैला शनिवार होता, आणि शनिवारी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा पवित्र सुट्टीचा दिवस, असल्यामुळे हा उपास धरत नाहीत, तो रविवारवर ढकलतात. म्हणजे त्या साली सण झाला २७ ला, दोन दिवसांनी २९, मंगळवार! सत्तर वर्षांनी नुसता वार आठवणाऱ्या बाईने कॅलेंडरला खोटं पाडलं. त्यावर तिने आणखी एक सांगितलं, की दिवेलागण होऊन गेली होती, कंदील लावलेला होता. आपल्या हिशेबात दिवस सूर्यास्ताला बदलतो, म्हणून इंग्रजी तारीख २९ जुलै राहिली तरी हिब्रू तारीख १२ नाही, १३ आव. आता दरवर्षी १३ आवलाच दिवा लावतो.

तर तुम्ही घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला तारीख विचारूच नका, तारीख विचारली की माणूस घाबरतो आणि "नाही बुवा आठवत" म्हणून मोकळा होतो. विचारा की कुठला सण जवळ होता, लावणी झाली होती का, वार कुठला, दिवे लागले होते का. साल कळलं की बाकीचं हिब्रू कॅलेंडरच्या ॲपवर दोन मिनिटांचं काम आहे. आणि काहीच हाती लागलं नाही तर एक दिवस ठरवून घ्या आणि दरवर्षी तोच धरा, तशी रीत आहे.

प्रश्न : तुमची बरसी दरवर्षी वेगळ्या तारखेला का येते? (नाशिक)

तुमचं श्राद्ध तिथीने येतं ना, तसंच. चंद्राचे महिने, मग सूर्याशी मेळ घालायला अधिक महिना. फरक एवढाच की तुमचा अधिक मास कधी श्रावण कधी ज्येष्ठ, आमचा कायम अदार, दर १९ वर्षांत ७ वेळा.

प्रश्न : आमच्या चाळीतले काका, ४० वर्षांचा शेजार, मार्चमध्ये गेले. मुलं इस्राएलला. मी हिंदू आहे, मी कबरीवर गेलो तर चालेल का? हार न्यावा का? (मुंबई)

चालेल म्हणजे काय, जाच. शनिवार आणि आमचे सणाचे दिवस सोडून जा, डोक्यावर टोपी किंवा रुमाल ठेवा, बाहेर पडताना नळावर हात धुवा. हार नेलात तर कुणी हाकलणार नाही पण रीत आहे ती खड्याची, एक साधा दगड उचलून कबरीवर ठेवायचा, कुणीतरी येऊन गेलं एवढीच खूण. माझ्या मते चाळीच्या अंगणातलाच एखादा खडा न्या. आणि फोटो काढून मुलांना पाठवा, लांब राहणाऱ्यांना त्या फोटोचं काय वाटतं ते मी पाहिलंय.

अजून एक काम तुम्हीच करू शकता. ४० वर्षांत काकांचं जे तुम्ही पाहिलंत ते मुलांनी पाहिलेलंच नाही, मुलांना बाप घरातला माहीत असतो, जिन्यातला नाही. पाण्याच्या टाकीवरून कुणाशी भांडले, गणपतीला वर्गणी किती द्यायचे, मॅच कुणाच्या घरी बघायचे ते एका कागदावर लिहा आणि द्या पाठवून.

प्रश्न : पणजोबांची कबर अलिबागजवळ आहे, चुलतभावाने फोटो पाठवला. वर हिब्रू, खाली मराठी, मराठी झिजलंय. हिब्रू आम्हाला येतं पण साल म्हणून नुसती तीन अक्षरं आहेत, ताव, शीन, हेत. मराठी ओळीत "…जी" एवढंच दिसतं. (अश्दोद, इस्राएल)

हिब्रू येतं म्हणजे अर्धं काम झालं. अक्षरांच्या किमती घ्या, ताव ४००, शीन ३००, हेत ८, बेरीज ७०८. पाच हजार लिहीत नाहीत, ते धरून चालायचं, म्हणजे ५७०८. त्यातून ३७६० वजा केले की १९४८. मात्र महिना तिश्रीपासून (हिब्रू वर्ष तिथून, सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं) इंग्रजी वर्ष संपेपर्यंतचा असेल तर ३७६१ वजा करायचे, मग १९४७, म्हणून महिन्याचं नाव नीट वाचा. सगळ्यात वर पे आणि नून असतील तर ते "इथे पुरलं आहे", आणि तळाची पाच अक्षरं ताव, नून, सादी, बेत, हे म्हणजे "त्याचा जीव जीवनाच्या गाठोड्यात बांधलेला राहो". ही दोन्ही जवळपास प्रत्येक दगडावर सापडतात, त्यात तुमच्या पणजोबांचं असं काही नाही.

त्यांचं जे आहे ते त्या "जी"मध्ये आहे. आपल्या लोकांना दोन नावं असायची, सिनेगॉगमधलं, म्हणजे प्रार्थनामंदिरातलं एक आणि गावातलं एक. मुंबईत १७९६ साली आपलं पहिलं सिनेगॉग ज्यांनी बांधलं, ज्यांच्यावरून सॅम्युएल स्ट्रीट आहे, ते सॅम्युएल इझिकिएल दिवेकर, आणि घरच्या बोलीत सामाजी हसाजी. (त्या सिनेगॉगला लोक जुनी मशीद म्हणत आणि मस्जिद स्टेशनचं नाव त्यावरून पडलं असं सांगतात, ट्रेनमधल्या निम्म्या लोकांना हे माहीतच नाही.) म्हणजे हिब्रू ओळीत शेमुएल असेल तर खालचं "…जी" सामाजी असू शकतं, येहेज्केल असेल तर हसाजी. भावाला सांगा की सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना फोटो काढ, अक्षरांची सावली पडते आणि झिजलेलंही वाचता येतं. पावडर, चुना, कोळसा काही चोळू नका, दगड खराब होतो.

आणि तुमच्या घरात इस्राएलला आधी कोण आलं ते विचारलंत का? १९६४ च्या उन्हाळ्यात तिथल्या रब्बींनी (धर्मगुरूंनी) आपल्या लोकांच्या लग्नांवर घातलेल्या अटींविरुद्ध, आम्ही पूर्ण ज्यू आहोत हे मान्य करा म्हणून, बेने इस्राएल लोक जेरुसलेमला धरणं धरून बसले होते. तेव्हाचे तरुण आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यात तुमच्यातलं कुणी होतं का, काय खाल्लं, कुठे झोपले, हे आजच विचारा, पणजोबांचा दगड अजून थांबेल.

प्रश्न : आत्या गेली त्याला महिना होतोय. तिसाव्या दिवशी वाचायला मजकूर लिहिलाय, सोबत पाठवते, सुधारून द्याल का ताई? (पुणे)

वाचला. "मनमिळाऊ, प्रेमळ, धार्मिक वृत्तीच्या, सर्वांना हव्याहव्याशा." राग मानू नका पण हा मजकूर मी शंभर वेळा वाचलाय, प्रत्येक वेळी वेगळ्या बाईवर. यातून तुमची आत्या दिसत नाही. पाकिटात तुम्ही जी वेगळी चिठ्ठी घातलीत ना, घाईत लिहिलेली, ती वाचा. त्यात आहे की आत्या नव्याच्या सणाला चिकाचा हलवा करायची, गहू भिजवून वाटून चीक काढायचा आणि नारळाच्या दुधात आटवत बसायचं, आणि हात दुखायला लागला की पुतण्यांना ओळीने उभं करून प्रत्येकाला शंभर वेळा डाव फिरवायला लावायची, मोजणी मोठ्याने आणि मराठीत, आणि कुणी साठावरून एकदम सत्तरवर उडी मारली तर पुन्हा एकपासून. हेच वाचा! सभेत हसू येईल, येऊ दे की.

त्यात तीन गोष्टी घाला. तिचं काम काय होतं, नुसतं "नोकरी केली" नको, कुठल्या टेबलावर बसून काय करायची ते. तिचं गाव, म्हणजे आडनावातलं खरं गाव, कारण आपली आडनावं म्हणजे कोकणचा नकाशाच आहे, पेणकर, रोहेकर, केहिमकर, चौलकर, आणि निम्म्या मुलांना ती गावं कुठे आहेत ते ठाऊक नसतं. आणि तिचा एखादा हट्ट. मोठ्या माणसांचंसुद्धा असंच होतं बघा, डॉ. जेरुशा झिराड म्हटलं की लोक पद्मश्री १९६६ सांगतात आणि थांबतात, पण लंडनहून एमडी होऊन आलेल्या या बाईंनी कामा हॉस्पिटल सांभाळलं, हजारो बायकांची बाळंतपणं तिथे झाली, शिवाय मुंबईत सुधारणावादी ज्यूंची संघटना १९२५ साली उभी करण्यात त्या पुढे होत्या, आणि आडनाव अलिबागजवळच्या झिराड गावाचं. आता माणूस दिसायला लागतो की नाही.

तुम्ही लिहिलंय की आत्या दारफाळणीच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे शिळ्या सणाला, दारात थोडा वेळ उभी राहायची आणि का ते कधी सांगितलं नाही. मला कारण माहीत आहे असं वाटतं. आपल्या जुन्या पिढीची समजूत होती की दारफाळणीला गेलेल्या माणसांचे जीव घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात. आजच्या हजानला (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्याला) विचारलं तर असं काही धर्मात नाही म्हणेल, आणि बरोबरच म्हणेल. पण ती कुणाला तरी निरोप देत होती. मजकुरात स्पष्टीकरण घालू नका, नुसतं लिहा की शिळ्या सणाला ती दारात उभी राहायची, ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

प्रश्न : बाबांसाठी कद्दीश (गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना) म्हणायचाय पण आमच्या गावात आता दोनच घरं उरलीत. आणि मी मुलगी आहे. (रायगड जिल्हा)

कद्दीशला मिन्यान लागतं, दहा प्रौढ पुरुष, आणि १९४८ च्या सुमाराला वीस हजारांच्या आसपास असलेले आपण आता भारतात पाच हजारही नाही, त्यातले बहुतेक मुंबई-ठाण्याला, म्हणजे गावात दहा जमणं मुश्कीलच. मोठ्या सणाला गावचं सिनेगॉग उघडतं, मुंबईहून गाड्या येतात, तेव्हाचा दिवस सिनेगॉगच्या मुकादमांशी (प्रमुखांशी) बोलून ठरवा, किंवा बरसीला मुंबई-ठाण्याच्या सिनेगॉगमध्ये बाबांचं नाव द्या. मुलीने म्हणण्याबद्दल, जुन्या वळणाच्या सिनेगॉगमध्ये नाही म्हणतील, सुधारणावादी मंडळींकडे चालतं. मी स्वतः मागच्या बाकावर बसून पुटपुटते, कुणी वळून बघितलेलं नाही. आणि कद्दीशच्या शब्दांत मरणाचं, मेलेल्या माणसाचं नावसुद्धा नाही, ती सगळी देवाची स्तुती आहे अरामी भाषेत, म्हणून बाबांबद्दल जे बोलायचंय ते मराठीत वेगळं बोला, त्याला दहा माणसं लागत नाहीत.

प्रश्न : ज्यांचे दगडच नाहीत त्यांचं काय? (अलिबाग)

तुम्ही अलिबागचे, म्हणजे नवगावला जाऊन आला असाल. जहाज फुटलं, सात जोडपी वाचली, बाकीच्यांना किनाऱ्यावर पुरलं, पुरुष वेगळे बायका वेगळ्या, अशी आपली कथा. एकाचंही नाव कुणाला माहीत नाही, तरी लोक तिथे जातात आणि खडा ठेवून येतात.

प्रश्न : आईच्या दगडावर मराठी कोरावं की हिब्रू? (ठाणे)

दोन्ही. आई ज्या भाषेत ओरडायची ती आधी. फक्त हिब्रू कोरून घेताना डोळ्यांत तेल घालून बघा. माझ्या वडिलांच्या दगडाचा मजकूर एका कारागिराने कॉम्प्युटरवर लावला, त्या सॉफ्टवेअरला उजवीकडून डावीकडे लिहिता येत नव्हतं, त्याने सगळी अक्षरं उलट्या क्रमाने लावली आणि आम्ही दगड बसवून झाल्यावर पाहिलं. बदलून घेऊ म्हटलं तर आई नको म्हणाली, यांना आयुष्यभर उलटंच बोलायची सवय होती, राहू दे. तो तसाच आहे अजून. तुम्ही मात्र कोरायच्या आधी मजकुराचा प्रिंट काढून हजानला दाखवा, त्याची सही घ्या आणि तोच कागद दगडवाल्याला द्या, व्हॉट्सॲपवर टाइप करून पाठवू नका.