वेगवेगळ्या धर्मांचे गुरू आणि कलाकार एकत्र आले की दुरावलेले समाज खरंच जवळ येतात का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की कॉलेजात सर्वधर्म मेळावा आणि पथनाट्य करायचं घाटतंय, आणि तुमच्या मित्राचं म्हणणं की हे सगळं फोटोपुरतं असतं. माणसं जवळ येतात, मी स्वतः पाहिलंय. मात्र मेळाव्याच्या दोन तासांत ते होत नाही.

मी धारावीतला. जानेवारी १९९३ मध्ये पाचवीत होतो. डिसेंबर आणि जानेवारीच्या त्या हिंदू-मुस्लिम दंगलींत मुंबईत नऊशे माणसं गेली, हा दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. आमच्या गल्लीत कुणी मेलं नाही. पण समोरच्या खोलीतल्या खाला आणि माझी आई रोज नळावर तासभर बोलायच्या, ते बोलणं बंद पडलं. भांडण झालं नव्हतं. आईची बादली, तिच्यामागे खालांची बादली, आणि दोघी समोरच्या भिंतीकडे बघत उभ्या. कितीतरी महिने हे असंच चाललं. दंगल म्हटलं की लोकांना जाळपोळ आठवते, मला त्या दोन बादल्या आठवतात.

पुढे मोहल्ला कमिटी आली. ही कल्पना भिवंडीची. तिथे १९७० आणि १९८४ साली भीषण दंगली झाल्या होत्या. १९८८ मध्ये सुरेश खोपडे पोलीस उपायुक्त म्हणून गेले आणि त्यांनी वस्तीवस्तीत दोन्ही समाजांतल्या साध्या माणसांच्या कमिट्या बांधल्या. पुढारी नव्हेत, रोज एकमेकांच्या नजरेस पडणारी माणसं. १९९२ ला मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्यानंतर मुंबईत माजी पोलीस आयुक्त ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी आणि सामाजिक कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी हे काम उभं केलं.

बाबा त्या बैठकांना जायचे आणि आई कामावर असली की मलाही न्यायचे. बैठक शाळेच्या वर्गात. लहान मुलांच्या बाकांवर मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली, एका टोकाला मशिदीचे मौलाना, दुसऱ्या टोकाला आमच्या भजनी मंडळाचे बुवा, आणि मधे हवालदार. मला वाटायचं आता धर्मावर काहीतरी मोठं बोलतील. पण विषय निघाला गटाराचा. मग कचऱ्याच्या गाडीचा. मग पाण्याचा. मौलाना बुवांना म्हणाले, "आपके नल को पानी कितने बजे आता है?" बुवा म्हणाले, "साडेचारला, आणि तेही करंगळीएवढं." तिथून सूत जुळलं.

पुढच्या एका बैठकीत भोंग्यावरून कडाक्याचं वाजलं. आरतीची वेळ, अजानची वेळ, कोण कुणासाठी थांबणार. तासभर आवाज चढलेले, बाबांनी माझा हात घट्ट धरलेला. शेवटी बुवांनीच एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या मागे वेळा लिहून काढल्या आणि मौलानांनी खाली सही केली. तो कागद त्या वर्षी मंडपात आणि मशिदीच्या दारात, दोन्हीकडे चिकटवलेला मी पाहिलाय. म्हणून धर्मगुरूंचा उपयोग काय असं कुणी विचारलं तर मी सांगतो, त्यांचा शब्द त्यांची माणसं पाळतात. हवालदाराने सांगून जे झालं नसतं ते त्या सहीने झालं.

ही गोष्ट फक्त गल्लीतली नाही. २०२३ मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद २८ सप्टेंबरला एकाच दिवशी आल्या. मुंबईत मुस्लिम समाजाच्या पुढाऱ्यांनी एकत्र बसून जुलूस दुसऱ्या दिवशी, २९ तारखेला काढायचं ठरवलं. पुढच्या वर्षी विसर्जन ईदच्या दुसऱ्या दिवशी होतं, तेव्हाही जुलूस पुढे ढकलला. वर्षाच्या सगळ्यात मोठ्या मिरवणुकीची तारीख सोडणं किती अवघड असतं, ते कुठल्याही मंडळाच्या कार्यकर्त्याला विचारून बघा.

आता कलाकारांचं. धारावीत वकार खान आणि भाऊ कोरडे ही एकोप्यासाठी झटणारी जोडी होती. वकारभाई तयार कपड्यांच्या धंद्यातले. त्यांनी चार लहान पोरांना चार धर्मांचे पोशाख घालून फोटो काढला, त्यावर 'हम सब एक हैं', आणि त्याची पोस्टरं वस्तीत, पोलीस ठाण्यांत लावली. तुमचा मित्र म्हणेल, असल्या पोस्टरने काय होतं? मी सांगतो काय झालं. आमच्या कोपऱ्यावर ते लागलं तेव्हा खाला आईला म्हणाल्या, "वो पंडितवाला बच्चा देखा? बिलकुल तेरे मुन्ने जैसा." कित्येक महिन्यांनंतरचं ते पहिलं वाक्य. दोघींनाही बोलायचंच होतं, पण सुरुवात कुणी करायची हे अडलं होतं. त्या चित्राने दोघींना निमित्त दिलं. कलेकडून मी एवढीच अपेक्षा ठेवतो आणि ती मला लहान वाटत नाही.

आपल्याकडे हे नवीनही नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांना वारकऱ्यांनी संत मानलं. तुकोबांची पालखी देहूतून निघते तेव्हा अनगडशहा बाबांच्या दर्ग्यापाशी थांबते. बारामतीकडच्या जैतुनबींनी तर आयुष्यभर वारी केली, दिंडी चालवली, कीर्तनं केली. नमाज, रोजे सोडले नाहीत. लोक त्यांना जयदास महाराज म्हणायचे. २०१० मध्ये त्या गेल्या. त्यांच्यामागे चालणाऱ्यांना 'सर्वधर्म' हा शब्द कधी लागला नसावा.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगतो. ज्यांचं माणूस गेलं त्यांच्यासमोर जाऊन लगेच एकोप्याची गाणी म्हणू नका. श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ साली आला, पण पुष्कळ घरांना न्याय मिळालाच नाही. अशा घरात आधी ऐकायला जायचं. खालांच्या भावाचं दुकान जळालं होतं, हे आम्हाला कितीतरी वर्षांनी कळलं. कारण आमच्यापैकी कुणी विचारलंच नव्हतं. आईला त्याची खंत अजून आहे.

तेव्हा मेळावा जरूर करा. पण पथनाट्याच्या तालमी कॉलेजच्या हॉलमध्ये न करता दोन्ही वस्त्यांत आळीपाळीने करा, आणि पात्रंही मिसळून निवडा. महिनाभराच्या तालमीत पोरांना एकमेकांची घरं कळतात, आयांची नावं कळतात. गुरुजी, मौलाना, फादर यांना भाषणाला बोलावण्याआधी एकदा भाषणाशिवाय बोलवा, परिसरातली एखादी अडचण समोर ठेवा, चहा द्या. निघताना सगळ्यांचे नंबर एका कागदावर लिहून प्रत्येकाला त्याची प्रत द्या. बाबांच्या डायरीत असं एक पान होतं. रात्री कुठे काही उडाल्याची अफवा आली की ते आधी मौलानांना फोन लावायचे, आणि मौलाना बहुतेकदा म्हणायचे, "कुछ नहीं हुआ, मैं वहीं खड़ा हूँ. सो जाओ."