थर्टीन्थ फ्लोअर एलिव्हेटर्स हा बँड इतक्या लवकर का फुटला?

१९६५ च्या अखेरीस टेक्सासमधील ऑस्टिन येथे उभा राहिलेला हा बँड तीन-चार वर्षांतच का संपला आणि त्याला एलएसडी हा भ्रम निर्माण करणारा अमली पदार्थच कारणीभूत होता का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते बँडमध्ये फूट एलएसडीने पाडली, पण त्याचा शेवट टेक्सासच्या कायद्याने केला.

हा बँड मी प्रथम हेडफोनवर ऐकला, तेव्हा गिटारच्या मागे सतत येणारे पारव्यासारखे घुमणे म्हणजे ध्वनिमुद्रणातील दोष असावा असे समजून मी दोनदा गाणे थांबवले होते. तो आवाज बरणीचा होता. टॉमी हॉल बरणीच्या तोंडाशी मायक्रोफोन धरून तिच्यात आवाज घुमवत असे. वादक म्हणून त्याचे काम एवढेच असले, तरी कित्येक गीतांचे शब्द त्याचे होते आणि बँडची विचारसरणी तर सर्वस्वी त्याचीच होती. एलएसडी हे मौजेचे नव्हे, तर मन घडवण्याचे साधन आहे, असे तो मानत असे आणि सहकाऱ्यांनी ते घेऊनच वाजवावे, असा त्याचा आग्रह असे. १९६६ साली आलेल्या पहिल्या अल्बमच्या नावातच ‘सायकेडेलिक’ (अशा पदार्थांनी येणाऱ्या मनोवस्थेशी संबंधित) हा शब्द होता. त्याच वर्षी गायक रॉकी एरिक्सनने लिहिलेले गाणे बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत ५५ व्या क्रमांकापर्यंत पोहोचले.

हॉलचा हा आग्रह सर्वांना पेलणारा नव्हता. १९६७ मध्ये, दुसरा अल्बम पूर्ण होण्याआधीच, ड्रमर जॉन आइक वॉल्टन आणि बासवादक रॉनी लेदरमन बाहेर पडले. पुढच्या वर्षी रेकॉर्ड कंपनीने जुन्या स्टुडिओ ध्वनिमुद्रणांवर टाळ्या चढवून त्यांचा ‘लाइव्ह’ अल्बम विकला, हा प्रकार मला आजही निर्लज्जपणाचा वाटतो. तोवर एरिक्सनचे मानसिक संतुलन ढासळले होते.

१९६९ मध्ये त्याच्याजवळ गांजाची एक सिगारेट सापडली. त्या काळी टेक्सासमध्ये एवढ्याशा गांजासाठीही दीर्घ कारावास होऊ शकत असे. तो टाळण्यासाठी त्याने वेडेपणाचा बचाव स्वीकारला आणि अखेर रस्क येथील सरकारी मनोरुग्णालयात त्याची रवानगी झाली. तेथून तो १९७२ मध्ये सुटला. १९६९ मध्येच आलेला बँडचा शेवटचा अल्बम मुख्यतः गिटारवादक स्टेसी सदरलंडने कसाबसा तडीस नेला. त्यात एरिक्सनचा आवाज मोजक्याच गाण्यांत ऐकू येतो.