"नाही ना?" असं विचारायचं नाही, हे स्टाफला सगळ्यात आधी शिकवा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. तुमच्या मेडिकलमध्ये दर महिन्याला डिप्रेशनच्या गोळ्या न्यायला येणारे काका या वेळी म्हणाले की "महिन्याच्या नकोत, आठवड्याच्याच द्या, पुढचं कुणी बघितलंय", तुमचा काउंटरवरचा मुलगा हसून "असं काय बोलता काका" म्हणाला, बिल केलं आणि विषय तिथंच संपला. तुम्हाला त्याचा राग आलाय आणि आता जिवाला कंटाळलेल्या गिऱ्हाईकाशी कसं बोलायचं याचं स्टाफला एक दिवसाचं ट्रेनिंग पुरेल का, कुठलं द्यावं असं विचारताय.

तो मुलगा घाबरून हसलाय, त्याला रागावू नका. मी १७ वर्षं काउंटरला उभी आहे आणि सुरुवातीला माझ्याकडून याहून वाईट झालंय. एक बाई झोपेच्या गोळ्या संपायच्या बऱ्याच आधी पुन्हा घ्यायला आल्या, म्हणाल्या "झोप लागत नाही आणि जागं राहणं नकोसं झालंय". मी त्यांना पाच मिनिटं नीट समजावलं, दारूबरोबर घेऊ नका, गाडी चालवू नका, सवय लागू शकते, सगळं अगदी बरोबर. त्यांनी मान हलवली आणि गेल्या. कित्येक महिन्यांनी परत आल्या तेव्हा स्वतःहून म्हणाल्या, त्या दिवशी तुम्ही विचारलं असतं तर मी सांगणार होते. म्हणजे मला फार्मासिस्ट म्हणून औषधाचं सगळं माहीत होतं, पण विचारायला माझं तोंड उघडलं नाही. तेव्हापासून माझं मत पक्कं आहे की अशा ट्रेनिंगमध्ये माहिती कमी दिली तरी चालेल पण तोंड उघडायची सवय लागली पाहिजे.

आणि ही सवय मोठ्याने बोलूनच लागते. तुमच्या स्टाफला आजच विचारून बघा, एखाद्याच्या मनात आत्महत्येचा विचार आहे का हे कसं विचाराल? दहापैकी नऊ जण म्हणतील "तसं काही मनात नाही ना?" किंवा "वेडंवाकडं काही करणार नाही ना?" म्हणजे प्रश्नातच उत्तर भरून दिलंय, समोरच्याला कळतं की आपल्याला "नाही"च ऐकायचंय, मग तो नाहीच म्हणतो. सरळ विचारायचं, "तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?" आवाज हळू, नजर त्याच्याकडे, हात की-बोर्डवर नकोत. आणि मग गप्प बसायचं. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड, माझ्याकडच्या एका मुलीने सरावात प्रश्न अगदी छान विचारला आणि लगेच "म्हणजे बरेच जण असे थकतात हो, माझी आई पण..." करत स्वतःच बोलत सुटली. आम्ही तिला मनात दहापर्यंत मोजायला लावलं, चौथ्या वेळी जमलं. विचारल्याने डोक्यात नसलेला विचार घुसतो अशी भीती सगळ्यांनाच असते, पण यावर भरपूर अभ्यास झालाय आणि तसं होत नाही, उलट बऱ्याच जणांना मोकळं वाटतं.

आता कुठलं ट्रेनिंग ते. मेंटल हेल्थ फर्स्ट एड, म्हणजे मानसिक त्रासातल्या माणसाला प्रथमोपचार, नावाचा कोर्स २००० साली ऑस्ट्रेलियात बेटी किचनर आणि टोनी जॉर्म यांनी सुरू केला आणि आता बऱ्याच देशांत चालतो, नेहमीचा कोर्स साधारण १२ तासांचा. त्यात पॅनिक अटॅक (अचानक येणारा भीतीचा झटका), सायकोसिस (भास-भ्रम होणं), व्यसन सगळं येतं. क्यूपीआर म्हणून दुसरा आहे, तो तास-दीड तासात होतो, फक्त आत्महत्येपुरता, विचारा-मन वळवा-पुढे पोचवा एवढंच. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याने तर २०१६ मध्ये कायदाच करून फार्मासिस्टना आत्महत्या प्रतिबंधाचं ट्रेनिंग सक्तीचं केलं. माझं विचाराल तर फार्मासिस्टना मोठा कोर्स, आणि बिलिंगवाला, डिलिव्हरीवाला, साफसफाईवाल्या मावशी सगळ्यांना छोटा. मावशींना वगळू नका, लोक गोळ्यांबद्दल आपल्याशी बोलतात आणि जगण्याबद्दल त्यांच्याशी. पण एका दिवसावर सोडू नका, कोर्समध्ये शिकलेलं काही महिन्यांत पुसट होतं. आम्ही महिन्यातून एकदा उघडायच्या आधी अर्धा तास सराव करतो, एकाने गिऱ्हाईक व्हायचं, एकाने काउंटर सांभाळायचा, तिसऱ्याने बघायचं. गिऱ्हाईक झालेल्याने रडायचं नाही ही अट आहे, कारण खरा माणूस बहुतेक वेळा रडत नाही, तो चिडलेला असतो, घाईत असतो, नाहीतर विचित्र शांत असतो. जमलं तर अशा काळातून स्वतः गेलेल्या कुणाला एकदा बोलवा, ते जी चूक दाखवतात ती आपल्याला दिसतच नाही.

फार्मासिस्टनी मात्र एक जादा गोष्ट शिकायची, ती दुसऱ्या कुणाला दिसणार नाही, कारण औषधांची यादी आपल्यासमोर असते. डिप्रेशनचं औषध नवीन सुरू झालं किंवा डोस बदलला की पहिले काही आठवडे डोळ्यात तेल घालून बघायचे, विशेषतः २४ वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये. मूड सुधारायला काही आठवडे लागतात, हे नीट सांगितलं नाही तर माणूस दहाव्या दिवशी ठरवतो की आपलं काही होणार नाही. अँटिसायकोटिकवरचा, म्हणजे भास-भ्रमावरच्या औषधावरचा माणूस एका जागी उभा राहू शकत नसेल, सारखा पाय बदलत असेल तर ती औषधाची बेचैनी असू शकते, ती असह्य असते आणि धोक्याचीही, डॉक्टरला त्याच दिवशी फोन. लिथियमवरचा, म्हणजे मूडच्या टोकाच्या चढउतारांवरच्या औषधावरचा पेशंट झोकांड्या खातोय, हात थरथरतायत, उलट्या होतायत, तर प्यायलाय असं समजून बाहेर काढू नका, लिथियम रक्तात वाढलेलं असू शकतं आणि त्याने मध्ये अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतलंय का ते विचारा, त्याने पातळी वाढते.

स्ट्रिप द्यायची का नाही, हा प्रश्न येतोच. नुसतं "नाही मिळणार" म्हणून पाठवलं तर माणूस हातातून गेला. थोड्याच द्यायच्या, डॉक्टरशी बोलून ठरवायचं, घरी जमलेल्या जुन्या गोळ्या परत आणून द्यायला सांगायचं, आणि तोवर त्याला एकटं सोडायचं नाही. कमी देण्याने काय होणार असं वाटतं ना, ब्रिटनमध्ये १९९८ ला पॅरासिटामॉलची पाकिटं लहान केली आणि पुढच्या ११ वर्षांत त्या औषधाच्या ओव्हरडोसने होणारे मृत्यू अंदाजे ४३ टक्क्यांनी कमी झाले. ती टोकाची वेळ बऱ्याचदा थोडीच असते, त्या वेळात गोळ्या हाताशी नसणं हाच मोठा उपचार. आणि कुणी "मी घेतल्यात" म्हणालं तर बरा दिसतोय म्हणून थांबायचं नाही, पॅरासिटामॉलमध्ये पहिला दिवस माणूस ठीक दिसतो आणि यकृत आतून बिघडत असतं, ताबडतोब हॉस्पिटल.

पॅनिक अटॅकचं थोडक्यात, छातीत दुखतंय म्हणाला तर पॅनिकच आहे असं आपण ठरवायचं नाही, अँब्युलन्स बोलवायची आणि सोबत बसायचं. भास होत असलेल्या माणसाशी वाद घालायचा नाही आणि हो ला हो पण करायचं नाही, "तुम्हाला खूप भीती वाटतेय ना" एवढं पुरतं.

गल्ल्याजवळ आतल्या बाजूला एक कागद चिकटवा, त्यावर हेल्पलाइन, जवळचं चोवीस तास चालू असलेलं हॉस्पिटल, डॉक्टरांचे नंबर, आणि कोण त्या माणसाजवळ बसणार, कोण काउंटर सांभाळणार, कोण फोन लावणार ते. बाजूला दोन खुर्च्या असू द्या, रांगेसमोर कुणी मनातलं बोलत नाही. घरच्यांना फोन करायचा तर आधी त्याला विचारून, आणि जिवालाच धोका असेल तर गुप्तता बाजूला ठेवायची पण तेसुद्धा त्याला सांगून. नंतर स्टाफमधल्या त्या माणसाला त्याच दिवशी जरा बाजूला घेऊन बसा, लगेच पुढचं बिल करायला लावू नका.

काकांचं मात्र ट्रेनिंग होईपर्यंत थांबवू नका. आठवड्याच्या गोळ्या नेल्यात म्हणजे या आठवड्यात येतील किंवा येणार नाहीत, दोन्हीची वाट न बघता आजच फोन करा, "त्या दिवशी तुम्ही जे बोललात ते माझ्या मनात राहिलं" असं सांगा आणि सरळ विचारा. हो म्हणाले तर फोन ठेवू नका, जवळ कोण आहे ते विचारा आणि दुसऱ्या फोनवरून मदत बोलवा. आणि त्या मुलाला पहिल्या सरावात फार्मासिस्ट नका करू, गिऱ्हाईक करा, काकांचंच वाक्य त्याला बोलायला द्या.