गाठ नाही, मग कॅन्सर कसला?

प्रश्न : माझं वय ५२. मुलीने हट्ट धरला म्हणून मॅमोग्राफी केली. गाठ नाही, दुखत नाही. पण डाव्या स्तनात पांढरे ठिपके दिसले म्हणून सुईने तुकडा काढला. रिपोर्टात 'डीसीआयएस, हाय ग्रेड' आलंय. सर्जन ऑपरेशन सांगतात. मिस्टर म्हणतात, स्टेज झीरो आहे तर थांबून बघू. जाऊबाई म्हणतात, सुई लावली, आता पसरणारच. केमोच्या नुसत्या नावाने पोटात गोळा येतो. काय करू?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : ताई, सुईच्या तपासणीने कॅन्सर पसरत नाही. मी पॅथॉलॉजिस्ट, सुईने काढलेले असे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली बघण्यातच माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. ही भीती मनातून काढून टाका.

दूध वाहून नेणाऱ्या नळ्यांना आतून पेशींचं अस्तर असतं. तुमच्या त्या पेशी कॅन्सरच्याच झाल्या आहेत, पण नळीबाहेरचा पातळ पडदा त्यांनी अजून फोडलेला नाही. यालाच डीसीआयएस किंवा स्टेज झीरो म्हणतात. हाय ग्रेड म्हणजे त्या पेशी निरोगी पेशींहून फारच वेगळ्या, जास्त आक्रमक दिसतात. नळीत कोंडून काही पेशी मरतात, तिथे कॅल्शियम साचतं, आणि रांगोळीची चिमूट सांडावी तसे ते ठिपके फिल्मवर उमटतात. (असे ठिपके बहुतेक बायकांत निरुपद्रवीच निघतात, म्हणून तर तुकडा तपासावा लागतो.) आपल्याकडे गाठ हाताला लागल्यावरच तपासणीला येण्याची रीत, त्यामुळे हा आजार या पायरीवर क्वचितच सापडतो. मुलीचा हट्ट कामी आला.

मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. थांबून लक्ष ठेवावं का, यावर अमेरिकेत मोठी चाचणी झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये तिचे आकडे आले. दोन वर्षांत पडदा फोडणारा कॅन्सर ऑपरेशनच्या गटात सुमारे ५.९ टक्के, तर नुसतं लक्ष ठेवलेल्या गटात ४.२ टक्के बायकांत आढळला. म्हणजे थांबणं वाईट ठरलं नाही. पण दोन वर्षं फार थोडी, आणि मुख्य म्हणजे त्या चाचणीत लो आणि इंटरमीजिएट ग्रेडच्याच बायका होत्या. हाय ग्रेड मुळात घेतलेच नव्हते. त्यामुळे तो दाखला तुम्हाला लागू होत नाही. शिवाय सुईत येतो तो थोडासाच भाग. पूर्ण भाग काढून तपासल्यावर कधीकधी एखाद्या कोपऱ्यात पडदा फुटलेला सापडतो. मी तुमच्या सर्जनच्या बाजूने आहे.

ऑपरेशन म्हणजे स्तन काढणंच असं मात्र नाही. ठिपके एकाच जागी असतील तर तेवढा भाग काढतात. कडेला निदान दोन मिलिमीटर निरोगी भाग मिळाला पाहिजे, नाहीतर पुन्हा टेबलावर जावं लागतं. त्यानंतर रेडिएशन, त्याने त्याच स्तनात आजार उलटण्याची शक्यता जवळपास निम्मी होते. उलटलाच, तर साधारण निम्म्या वेळा तो पडदा फोडलेला असतो, म्हणून रेडिएशन टाळू नका. ठिपके स्तनभर पसरले असतील तर पूर्ण स्तन काढणं बरं, आणि तेव्हा काखेतली पहिली लसिकाग्रंथीही (कॅन्सर पसरला तर आधी जिथे पोचतो ती) तपासतात.

केमो? निव्वळ डीसीआयएसला लागत नाही. रिपोर्टात 'ईआर पॉझिटिव्ह' (म्हणजे पेशी इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढणाऱ्या) असेल तर ते हार्मोन अडवणारी टॅमॉक्सिफेनसारखी गोळी काही वर्षं सुचवतील. ईआरची तपासणी झाली नसेल तर मागून घ्या.

घाईने उद्याची तारीख घेऊ नका; दोन-चार आठवड्यांनी काही बिघडत नाही. तोवर लॅबमधून तुमच्या तुकड्याच्या काचा आणि तो ज्यात बसवलाय ते मेणाचे ब्लॉक घेऊन दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत घ्या, कारण ग्रेड ठरवण्यात आम्हा लोकांत मतभेद होतात आणि तुमचा सगळा निर्णय त्या एका शब्दावर आहे. ब्लॉक उन्हात ठेवू नका, मेण वितळतं.