सरासरी, स्ट्राइक रेट आणि मधली गफलत

प्रश्न : कसोटीत राहुल द्रविडची सरासरी ५२, वीरेंद्र सेहवागची ४९. मग दोघे जवळपास सारखेच म्हणायचे का? आणि हाच निकष टी-२०ला लावला तर लोक हसतात, ते का?

सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले किती वेळा बाद झाला. त्यात धावा आणि बाद होणं एवढंच मोजलं जातं, चेंडू कुठेच येत नाहीत. ते आणायचे तर सरासरीला स्ट्राइक रेटने, म्हणजे शंभर चेंडूंमागच्या धावांनी, भागून शंभरने गुणा. फलंदाज साधारण किती चेंडूंनंतर बाद होतो ते कळतं. द्रविड : ५२.३१ भागिले ४२.५१, म्हणजे १२३ चेंडू. सेहवाग : ४९.३४ भागिले ८२.२३, म्हणजे ६०. धावा जवळपास तेवढ्याच, पण एक साडेवीस षटकं खेळतो, दुसरा दहा. पहिला नवा चेंडू जुना करून खालच्यांची वाट सोपी करतो, दुसरा आपल्या गोलंदाजांना वीस बळींसाठी वेळ काढून देतो. कसोटीत दोन्ही चालतं, कारण तिथे चेंडूंचा तुटवडा नसतो. तुटवडा असतो विकेटचा.

टी-२०त गणित उलटं. चेंडू १२०, विकेट दहा, म्हणजे एका विकेटच्या वाट्याला १२ चेंडू. वनडेत ३०. त्यामुळे टी-२०त ९ चेंडूंत २० करून बाद झालेला माणूस कामाचा, आणि २० चेंडूंत १८ करून बाद झालेला संघाला दोन्हीकडून बुडवतो. चेंडू घालवले आणि विकेटही.

हा फरक कळायला १९७५च्या विश्वचषकातला लॉर्ड्सवरचा पहिला सामना पुरेसा आहे. इंग्लंडने ६० षटकांत ४ बाद ३३४ केल्या. उत्तरात गावसकर १७४ चेंडूंत ३६ नाबाद, आणि भारत ३ बाद १३२. म्हणजे सात विकेट खिशात ठेवून आपण २०२ धावांनी हरलो. कसोटी वाचवायची असती तर याच खेळाला लोकांनी उभं राहून टाळ्या दिल्या असत्या.

प्रश्न : २०२४च्या टी-२० विश्वचषक अंतिम सामन्यातली विराट कोहलीची ५९ चेंडूंत ७६ ही खेळी संथ होती की मॅच जिंकून देणारी? घरात यावरून रोज वाद होतो.

वादात दोन्ही बाजूंना थोडं थोडं बरोबर आहे, म्हणूनच तो मिटत नसणार. खेळीचे तुकडे पाडून बघा. पाचव्या षटकात भारत ३ बाद ३४. कोहलीचं अर्धशतक ४८ चेंडूंत झालं, पुढच्या ११ चेंडूंत २६ धावा आल्या. पहिला टप्पा शंभराला १०४च्या गतीने, दुसरा २३६च्या.

आता त्याच दिवशी, त्याच खेळपट्टीवर बाकीच्यांनी काय केलं ते ताडून पाहा. अक्षर पटेल ३१ चेंडूंत ४७, शिवम दुबे १६ चेंडूंत २७. भारताच्या १७६ धावा, म्हणजे अवांतर धरून चेंडूमागे १.४७. त्या हिशेबाने ५९ चेंडूंत साधारण ८६ निघायला हव्या होत्या. दहा धावांची तूट आहे. पण तीन विकेट पाचव्या षटकातच पडल्यावर चौथी लगेच गेली असती तर अक्षरला तेवढा मोकळा हात मिळाला नसता, हेही त्याच खात्यात जमा करायला हवं. आमच्या मते खेळी चांगली, मधली षटकं जरा जास्तच जपून. सामना सात धावांनी जिंकला म्हणून ही तूट विसरायची नाही. हरलो असतो तर तिच्यावरच रकाने भरले असते, आणि खेळी मात्र तीच राहिली असती.

प्रश्न : नाबाद राहिल्याने सरासरी फुगते. मग ती डावांवरच काढावी का?

नको, मग ती उलट्या बाजूने फसवते. ऑस्ट्रेलियाच्या मायकेल बेव्हनचा वनडेतला हिशेब पाहा : १९६ डाव, ६७ वेळा नाबाद, ६,९१२ धावा. बाद होण्यावर सरासरी ५३.५८, डावांवर ३५.२७. तो खाली यायचा, चेंडूच संपायचे, त्यात त्याचा काय दोष? वरचा भागाकार इथेही करा. स्ट्राइक रेट ७४.१६, म्हणजे बाद व्हायला सुमारे ७२ चेंडू. शेवटच्या षटकांत येणाऱ्या माणसाचे हे ७२ चेंडू म्हणजे खरी किंमत.

प्रश्न : आमच्या तालुक्यात टेनिस बॉलची आठ षटकांची स्पर्धा आणि लेदर बॉलचे दोन दिवसांचे सामने, दोन्ही होतात. निवडीसाठी स्कोअरबुकात काय लिहावं?

आधी दोन्हींच्या वह्या वेगळ्या करा. आठ षटकं म्हणजे ४८ चेंडू, विकेटमागे पाचसुद्धा नाहीत. तिथे सरासरी काढूच नका.

फलंदाज आत आला की त्याच्या नावापुढे षटक आणि पडलेल्या विकेट लिहा. ‘५.२, ३ बाद’ एवढं पुरे. टेनिस बॉलच्या वहीत पहिल्या पाच चेंडूंतल्या धावा वेगळ्या ठेवा, कारण आल्या आल्या मारता येतं का हेच तिथे बघायचं असतं. दोन दिवसांच्या वहीत पहिले तीस चेंडू वेगळे, आणि चेंडू हुकला, कड लागली किंवा झेल सुटला की रकान्यात बारीक फुली. चाळीस चेंडूंत बारा फुल्या असलेली पन्नास आणि दोन फुल्या असलेली तीस यांत आम्ही तीसवाल्याला घेऊ.

जास्त चुका चेंडू मोजण्यात होतात. वाइड फलंदाजाच्या चेंडूंत धरायचा नाही. नोबॉल मात्र धरायचा, आणि तोच बहुतेक जण सोडतात. बाय, लेगबायला चेंडू त्याच्या नावावर, धावा अवांतरात. आठ षटकांत दोन नोबॉल राहून गेले तर दहा चेंडू खेळलेल्याचे आठच दिसतात, आणि १५ धावांचा स्ट्राइक रेट १५०चा १८७ होतो.