वाचकांचे प्रश्न : पुसण्याची सोय आणि ठरवण्याची सवय

डिजिटल चित्रकलेविषयी या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे या अंकासाठी निवडली आहेत. पहिल्या पत्रातील अडचण अनेकांना भेडसावणारी असल्यामुळे तिला अधिक जागा दिली आहे. नावे छापू नयेत अशी विनंती असल्याने केवळ गावांचा उल्लेख केला आहे.

प्रश्न : मी २३ वर्षांची आहे. शाळेत असताना ड्रॉइंगच्या लोअर आणि हायर ग्रेड परीक्षा दिल्या होत्या. आता दिवसा नोकरी करते आणि रात्री पेन टॅब्लेटवर, ‘क्रिता’ या सॉफ्टवेअरमध्ये चित्रे काढते. दोन वर्षांपूर्वी सुरुवात केली तेव्हा दर महिन्याला फरक जाणवायचा. गेले वर्षभर मात्र चित्र जिथल्या तिथे अडकले आहे. समोर छायाचित्र असले की व्यक्तिचित्र चांगले उतरते, पण मनाने काढायला बसले की हात, मान, कपड्यांच्या चुण्या सगळेच बिघडते. इतरांची कामे पाहिली की आपल्याला हे जमणारच नाही असे वाटते. पडद्याचा महाग टॅब्लेट घेतल्यास उपयोग होईल का? (एक वाचक, खानापूर तालुका, जि. बेळगाव)

उत्तर : टॅब्लेटचा विषय आधी संपवू. बिनपडद्याच्या टॅब्लेटवर हात एकीकडे चालतो आणि नजर दुसरीकडे असते. हा अवघडलेपणा काही आठवड्यांच्या सरावाने जातो, आणि तुमच्या पत्रावरून तो केव्हाच गेलेला दिसतो. टॅब्लेटचे चित्र काढण्याचे क्षेत्र आणि संगणकाचा पडदा यांच्या लांबी-रुंदीचे प्रमाण सेटिंगमध्ये सारखे केलेले आहे का, एवढे मात्र एकदा तपासा. ते सारखे नसेल तर हाताने काढलेले वर्तुळ पडद्यावर लंबगोल उमटते आणि आपला हातच वाईट आहे असा समज होतो. खोक्यावर छापलेला ८१९२ दाबपातळ्यांचा (पेनचा दाब किती बारकाईने टिपला जातो याचा) आकडा पाहून टॅब्लेट निवडण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला मुळीच पटत नाही. तुमच्याकडे असलेले साधन पुरेसे आहे. पैसे सध्या राखून ठेवा.

आता मुख्य मुद्दा. छायाचित्र पाहून जमते आणि मनाने जमत नाही, हे तुम्ही इतक्या नेमकेपणाने लिहिले आहे की उत्तराचा अर्धा भाग त्यातच आला आहे. छायाचित्रात बरेचसे निर्णय आधीच झालेले असतात. प्रकाश कोणत्या बाजूने येतो, सावलीची कड कुठे तीव्र आणि कुठे विरघळलेली आहे, हात प्रेक्षकाकडे येतो आहे की दूर जातो आहे, आकृती चौकटीत कुठे कापायची, हे सारे कॅमेऱ्याने आणि तो धरणाऱ्याने ठरवलेले असते. मनाने चित्र काढताना हेच निर्णय तुमच्यावर येतात, आणि नेमक्या त्या वेळी सॉफ्टवेअर ते लांबणीवर टाकण्याची भरपूर सोय करून देते. रेघ पुसता येते, नवा लेअर (पारदर्शक कागदासारखा वेगळा थर) घेता येतो, डोके नंतर लहान-मोठे करता येते, डोळ्यांच्या पापण्या झूम करून तासभर रंगवता येतात. मान खांद्यावर बसली आहे की नाही हे मात्र त्या तासात कोणी पाहिलेले नसते. जलरंगात हे चालत नाही, कारण ओला वॉश (पातळ रंगाचा थर) कागदावर टाकण्यापूर्वी पांढरी जागा कुठे राखायची हे ठरलेले असावे लागते. डिजिटल माध्यमात शिकणाऱ्यांची प्रगती वर्ष-दीड वर्षाने थांबते ती बहुधा याच ठिकाणी थांबते, असे माझे ठाम मत आहे.

आधी पाहणे, मग ठरवणे आणि मग रंग लावणे या शिस्तीसाठी बेळगावकरांना दूर पाहण्याची गरज नाही. के. बी. कुलकर्णी यांनी बेळगावात ‘चित्रमंदिर’मधून वास्तववादी व्यक्तिचित्र आणि निसर्गचित्र शिकवले. १९३५ साली बेळगावात जन्मलेले आणि पुढे बोधचित्रकार (मजकुरासोबतची चित्रे काढणारे) म्हणून नावाजलेले रवी परांजपे त्यांचेच विद्यार्थी. या परंपरेतील मूळ चित्रे प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळेल तेव्हा ती सोडू नका, आणि पाहताना रंगांपेक्षा उजेड-सावलीची विभागणी किती थोड्या छटांत केली आहे याकडे लक्ष द्या.

यापुढे काही महिने रोजच्या वेळेपैकी पहिला अर्धा तास असा घालवा. पोस्टकार्डाएवढी चौकट घ्या, एकच लेअर, एकच कडक कडेचा ब्रश आणि फक्त तीन छटा ठेवा : उजळ, मधली आणि गडद. झूम करायचे नाही. प्रकाशाची दिशा आधी बाणाने दाखवा आणि मगच आकृती मांडा. पंधरा मिनिटांत ते लहान चित्र लांबून पाहून समजत नसेल, तर त्यावर पुढे सहा तास रंगकाम करूनही ते समजणार नाही. ते सोडून दुसरे घ्या. पूर्ण रंगीत चित्र करतानाही सर्वांत वर काळ्या रंगाने भरलेला एक लेअर ठेवून त्याचा ब्लेंडिंग मोड (खालच्या थरांशी मिसळण्याची पद्धत) ‘कलर’ करून ठेवा. तो चालू केला की संपूर्ण चित्र राखाडी दिसते आणि छटांमधील गोंधळ तत्काळ उघडा पडतो. क्रितामध्ये ‘एम’ ही कळ दाबली की चित्र आरशात पाहिल्यासारखे उलटे दिसते. वाकडी मान आणि खालीवर झालेले डोळे ओळखण्यासाठी याहून सोपा मार्ग नाही.

हात आणि मान यांसाठी तुम्हाला शरीररचनेच्या जाड ग्रंथाआधी कुंभाराकडे जायला सांगेन. खानापूरची माती आणि तिथली मडकी प्रसिद्धच आहेत. एकच मडके जमिनीवर, मग स्टुलावर, मग डोळ्यांच्या पातळीवर ठेवून काढा. मडक्याचे तोंड डोळ्यांच्या पातळीवर आले की सरळ रेषा होते, जसजसे खाली जाईल तसतसा त्याचा लंबगोल उघडत जातो आणि डोळ्यांच्या वर गेले तर कड वरच्या बाजूला फुगते. दंड, मनगट, मान आणि बोटांची पेरे हे सारे मुळात नळकांडीचेच आकार असल्यामुळे त्यांना हाच नियम लागतो. मनगटावरच्या बांगडीची वक्रता कोणत्या बाजूला आहे एवढ्यावरून हात आपल्याकडे येतो आहे की दूर जातो आहे हे पाहणाऱ्याला कळते. बाहीची कड आणि गळपट्टीही तेच सांगत असतात. मनाने काढलेल्या आकृतीत या सगळ्या कडा सरळ रेषेने ओढल्या जातात, म्हणून ती सपाट दिसते. बांगड्या न रंगवता केवळ बांगड्यांचे लंबगोल काढून पूर्ण हात दाखवण्याचा सराव करा. तो कंटाळवाणा आहे, पण तुमच्या अडचणीवरचा थेट उपाय तोच आहे.

चुण्यांचे मूळ ताणात असते. खांदा, कोपर, कंबर या ठिकाणी कापड अडकते आणि तिथून ओळी पसरतात. त्यामुळे आधी ताणाचा बिंदू मांडा आणि मग चुणी काढा.

छायाचित्र पूर्णपणे सोडण्याची आवश्यकता नाही, पण त्याचा उपयोग बदला. पाच मिनिटे ते नीट पाहा, बंद करा, आठवणीने चित्र काढा आणि मग दोन्ही शेजारी ठेवा. जे आठवले नाही ते तुम्हाला समजलेलेच नव्हते, एवढी स्पष्ट खूण दुसऱ्या कोणत्याही सरावात मिळत नाही. शिवाय प्रकाशाचा अभ्यास करायला तुमचा जिल्हा उत्तम आहे. जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात ढगांतून पसरलेला उजेड असतो, सावलीला कड नसते आणि वस्तू जमिनीला टेकते तेवढ्याच जागी गडदपणा दिसतो. अथणीच्या माळावर उन्हाळ्यात हीच वस्तू काढली तर सावली सुरीने कापल्यासारखी पडते. दोन्ही ठिकाणी घाईघाईने केलेली टिपणे तुम्हाला मनाने चित्र काढताना उपयोगी पडतील.

इतरांच्या कामाशी तुलना करून येणाऱ्या निराशेबद्दल एवढेच सांगतो की तुम्ही त्यांची पूर्ण झालेली निवडक चित्रे पाहता आणि स्वतःची मात्र सगळी. आपल्या जुन्या फायली पुसू नका. दीड वर्षापूर्वीचा एक विषय निवडा आणि जुने चित्र न उघडता तो पुन्हा काढा, मग दोन्ही शेजारी ठेवून पाहा. आज तुम्हाला चित्रातील दोष दिसतात, याचा अर्थ नजर हाताच्या पुढे गेली आहे. ती मागे असती तर तुम्ही हे पत्रच लिहिले नसते.

प्रश्न : गणेशोत्सव मंडळासाठी मी दहा बाय सहा फुटांचा फलक संगणकावर तयार केला. पडद्यावर मोरपंखी निळा आणि पोपटी रंग झळकत होते, पण फ्लेक्सवर ते मळकट आले, चित्र धूसर झाले आणि मजकुरातील जोडाक्षरे तुटली. छपाईवाले म्हणतात फाईल चुकीची आहे. फाईल १९२० बाय १०८० पिक्सेलची होती. (एक वाचक, निपाणी)

उत्तर : धूसरपणापुरते छपाईवाल्यांचे म्हणणे बरोबर आहे. दहा फूट म्हणजे १२० इंच. १९२० पिक्सेल त्यावर पसरले की दर इंचाला फक्त १६ पिक्सेल येतात. हातात धरून पाहायच्या छपाईसाठी साधारणपणे दर इंचाला ३०० पिक्सेल धरतात, म्हणजे ए-४ कागदासाठी २४८० बाय ३५०८. फलक लांबून पाहिला जात असल्याने इतकी गरज नसते. दर इंचाला ७२ धरले तरी तुमच्या फलकासाठी ८६४० बाय ५१८४ पिक्सेल लागतात. एवढी फाईल तुमचा संगणक पेलत नसेल तर निम्म्या मापात काम करा, पण ते माप पहिली रेघ ओढण्यापूर्वी छपाईवाल्यांशी बोलून ठरवा. नंतर चित्र ताणून मोठे केल्याने नसलेला तपशील येत नाही.

रंगांचे कारण वेगळे आहे. पडदा लाल, हिरवा आणि निळा प्रकाश स्वतः बाहेर टाकतो, तर छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी शाई पडलेल्या प्रकाशाचा काही भाग शोषून उरलेला परत पाठवते. त्यामुळे पडद्यावरचे काही तेजस्वी निळे, हिरवे आणि नारिंगी रंग शाईच्या आवाक्यातच नसतात. छपाईवाल्यांकडून त्यांच्या यंत्राचे कलर प्रोफाईल (ते यंत्र रंग कसे छापते हे सांगणारी फाईल) मागून घ्या आणि सॉफ्टवेअरमधील सॉफ्ट प्रूफिंग (छापील रंग पडद्यावर आधीच दाखवणारी सोय) चालू ठेवून रंग निवडा. मोरपंखी निळा झळकायला हवा असेल तर त्याच्या शेजारी गडद आणि मातकट रंग ठेवा. पूर्ण फलकापूर्वी फूटभर तुकडा छापून पाहण्याचा खर्च नेहमी वसूल होतो. अक्षरे तुटली कारण तुमचा फाँट त्यांच्या संगणकावर नसावा. मजकूर मराठीत असो वा कन्नडमध्ये, फाईल देण्यापूर्वी अक्षरांचे आकृतीत रूपांतर करा आणि एकदा मोठ्याने वाचून तपासा.

प्रश्न : माझा मुलगा दहावीत आहे. तो मोबाईलवर बोटाने जपानी कार्टूनसारखी चित्रे तासन्‌तास काढतो. घरात यावरून वाद होतात. आता संगणकच सांगेल ते चित्र काढून देतो म्हणे. मग हे शिकून उपयोग काय? (एक आई, शहापूर, बेळगाव)

उत्तर : बाई, तुमच्या मुलाला चित्राची ओढ आहे हे आधी मान्य करू. कार्टूनच्या शैलीत काही वावगे नाही. मात्र बोटाच्या टोकाखाली रेघ झाकली जाते आणि दाबाचा फरक पकडता येत नाही, म्हणून त्याला एक साधी वही आणि पेन्सिल द्या. दर वीस मिनिटांनी पडद्यावरून नजर काढून दूर पाहण्याची आणि मनगटाला विश्रांती देण्याची सवय आताच लावा. परीक्षेचे वर्ष असल्याने वेळ ठरवून द्या, पण चित्र काढणे ही शिक्षा म्हणून बंद करू नका.

संगणकाने तयार केलेल्या चित्रांविषयी तुमची काळजी खरी आहे. स्वस्तात आणि लगेच चित्र हवे असलेली काही मागणी तिकडे जाईल, आणि त्याचा फटका होतकरू कलाकारांना बसेल याचे मला मनापासून वाईट वाटते. तरीही पंधराव्या वर्षी तुमचा मुलगा शिकत आहे ते म्हणजे एखाद्या वस्तूकडे पाहून त्यातले काय ठेवायचे आणि काय वगळायचे हे ठरवणे. यंत्राकडून चित्र मागवणाऱ्यालाही आलेल्या चित्रातील चूक ओळखायला हीच नजर लागते.

एखाद्या रविवारी त्याला किल्ल्यातील कमल बस्तीत घेऊन जा. रट्ट राजघराण्याच्या काळात १२०४ साली उभारलेल्या या मंदिराच्या छतातील कमळ खालून पाहून वहीत काढायला सांगा. पाकळ्या मध्याकडे जाताना कशा लहान होतात हे त्याला तिथे अर्ध्या तासात समजेल. पुढे आवड टिकली तर बारावीनंतर कर्नाटकात बी.व्ही.ए. आणि महाराष्ट्रात बी.एफ.ए. हे दृश्यकलेचे पदवी अभ्यासक्रम आहेत. महाराष्ट्रातील प्रवेशासाठी स्वतंत्र सीईटी (प्रवेश परीक्षा) द्यावी लागते आणि तिच्यात मुख्यतः हाताने काढलेल्या चित्रांची परीक्षा असते, म्हणून वहीतील सराव आतापासून चालू राहू द्या.