एक्सेलमधून टेंपरेचर कंट्रोलरचे पॅरामीटर वाचायचे आणि लिहायचे आहेत. सुरक्षित पद्धत कोणती, सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

वाचा खुशाल. लिहिण्याचं नाव काढलंत म्हणून उत्तर लांबणार.

तुमचे आठ कंट्रोलर एका आरएस-४८५ केबलवर (एकाच तारेवर अनेक यंत्रं जोडायची पद्धत) आहेत आणि एक्सेलमधला मॅक्रो (आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) दर सेकंदाला सगळ्यांना सेटपॉइंट (हवं ते तापमान) पाठवतो, म्हणजे कोणी पॅनेलवर बदलला तरी आपोआप परत येईल, असं तुम्ही लिहिलंय. हीच शक्कल भोसरीतल्या एका हीट ट्रीटमेंट शॉपमध्ये लढवली होती. तिचं काय झालं ते आधी ऐका.

टेंपरिंगची भट्टी (हार्ड केलेल्या पोलादाचा ठिसूळपणा कमी करायला ते पुन्हा तापवणारी), सेटपॉइंट १८० अंश. कंट्रोलरला डेसिमलचं एक घर, त्यामुळे रजिस्टरमध्ये (कंट्रोलरमधल्या आकडा ठेवायच्या कप्प्यात) १८०० लिहायचे. मॅक्रो दहाने गुणून पाठवायचा. बऱ्याच स्वस्त कंट्रोलरमध्ये मॉडबसवरून (कंट्रोलरशी बोलायची ठरलेली भाषा) लिहिलेला सेटपॉइंट थेट ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) जातो, आणि त्या मेमरीची हमी साधारण १ लाख वेळा लिहिण्याची असते. सेकंदाला एकदा या हिशेबाने २८ तासही भरत नाहीत. प्रत्यक्षात ती जास्त तग धरते. तरी काही आठवड्यांनी कंट्रोलर मेमरी एरर दाखवून बसला. रात्रपाळीत स्पेअर लावला. स्लेव्ह आयडी, बॉड रेट, पॅरिटी, थर्मोकपलचा (तापमान मोजणाऱ्या सेन्सरचा) प्रकार सगळं घातलं, कम्युनिकेशन चालू झालं, विषय संपला. डेसिमल मात्र शून्यावर राहिलं आणि सेटपॉइंटची वरची मर्यादा कंपनीतून आली तशी १२०० वर. मॅक्रोने इमानेइतबारे १८०० पाठवले, स्पेअरने ते १८०० अंश समजले. काही कंट्रोलर अशा वेळी एक्सेप्शन कोड ०३ (हा आकडा चालत नाही) देऊन नकार देतात. याने नकार दिला नाही, मर्यादेवर थांबून १२०० धरले. आउटपुट १०० टक्के.

वेगळ्या थर्मोकपलवरचा ओव्हर-टेंपरेचर कंट्रोलर २५० वर लावलेला होता, त्याने मेन काँटॅक्टर (हीटरची वीज तोडणारा मुख्य स्विच) पाडला. भट्टी वाचली, चार्ज (आतला माल) गेला. ५८ ते ६२ एचआरसी (कठीणपणाचं माप) हवेत तिथे जास्त तापून गिअर ५८ च्या खाली. आता ते पुन्हा हार्ड करा, आणि त्यात डिस्टॉर्शन आलं (आकार बिघडला) की भंगार.

मग वाद. सॉफ्टवेअरवाल्याचं म्हणणं, चूक मेंटेनन्सची, आमच्या स्क्रीनवर १५० ते २५० ची मर्यादा आहेच. अहो, आहेच की! ऑपरेटरने १८० च टाकले होते. दहाने गुणणं त्या मर्यादेच्या पुढे होतं, मग ती अडवणार कशाला? ज्या डब्याच्या आउटपुटवर हीटर चालतो, मर्यादा त्याच डब्यात हवी. स्क्रीनवरची मर्यादा फक्त टायपिंगची चूक पकडते.

तेव्हा तुमच्या आठही कंट्रोलरमध्ये सेटपॉइंटची हाय लिमिट भट्टीप्रमाणे आवळा (१८० च्या टेंपरिंगला २२० पुरे) आणि पॅरामीटरला लॉक लावा. स्पेअर कपाटातच पूर्ण सेट करून ठेवा, डेसिमलसकट. पॅरामीटरची यादी पॅनेलच्या दाराला आतून चिकटवा. किंमत बदलली असेल तरच मॅक्रोने लिहायचं. लिहिण्याआधी डेसिमलचं रजिस्टर वाचायचं, लिहिल्यावर सेटपॉइंट परत वाचून ताडायचा, जुळला नाही तर अलार्म. पुन्हा पुन्हा प्रयत्न करायचा नाही. मॅन्युअलमध्ये रॅममधल्या (कितीही वेळा लिहिता येणाऱ्या तात्पुरत्या मेमरीतल्या) सेटपॉइंटचं वेगळं रजिस्टर असेल तर तेच वापरा.

पुढे पीएलसी (यंत्रं चालवणारा औद्योगिक संगणक) जोडाल तेव्हा दोन खड्डे ठरलेले. मॅन्युअलमधलं ४०००१ म्हणजे वायरवर पत्ता ०. एकाची चूक झाली की शेजारचा पॅरामीटर बदलतो. आणि ३२ बिटचा फ्लोट (दशांश असलेला आकडा) दोन रजिस्टरमध्ये येतो. त्यांचा क्रम उलटला तर १८०.० च्या जागी जवळजवळ शून्य दिसतं. शून्य दिसलं की लोक केबल तपासत बसतात.

वाचण्यातला धोका शिळ्या आकड्याचा. केबल निघाली तरी एक्सेलच्या सेलमध्ये शेवटचा आकडा तसाच बसून राहतो. प्रत्येक आकड्याबरोबर वेळ आणि क्वालिटी (आकडा भरवशाचा आहे का, याची खूण) घ्या (यंत्रांचा डेटा सॉफ्टवेअरला देणाऱ्या जुन्या ओपीसीत चांगली म्हणजे १९२). ५ सेकंदांपेक्षा जुना असेल तर सेल रिकामा करा.

ऑफिसचं नेटवर्क भट्टीपर्यंत थेट नेऊ नका. मॉडबस टीसीपीला (नेटवर्कवरच्या मॉडबसला) पासवर्ड नाही. त्याच्या ५०२ पोर्टपर्यंत पोचलेला कोणीही फंक्शन ०६ किंवा १६ ने (लिहायच्या आज्ञा) लिहू शकतो. मध्ये ओपीसी यूए (ओपीसीची नवी, सुरक्षेची सोय असलेली आवृत्ती) सर्व्हर ठेवा, ऑफिसला फक्त वाचायचं खातं द्या आणि सिक्युरिटीचा 'नन' (सुरक्षाच नाही) हा पर्याय बंद करा. पीएलसीची चावी रनवर ठेवून बाजूला काढा, पण तिच्या भरवशावर राहू नका: बऱ्याच पीएलसीत ती प्रोग्रॅम बदलू देत नाही, डेटा रजिस्टरमध्ये लिहिणं चालूच राहतं.

सॉफ्टवेअर? हे सगळं करू देणारं कुठलंही.

एक राहिलं. तीच किंमत परत आली तर मेमरीत न लिहिणारे कंट्रोलरही असतात, त्यामुळे २८ तासांचा हिशेब तुम्हाला लागू होईलच असं नाही. मॅन्युअल बघा. आणि हे बदल चालू चार्जवर नको, गुरुवारच्या सुट्टीत रिकाम्या भट्टीवर करा. त्याच दिवशी तुमच्या सॉफ्टवेअरवाल्यालाही बोलवा. 'स्क्रीनवर लिमिट आहे' म्हणाला तर हीटरचा एमसीबी पाडून त्याच्यासमोर लॅपटॉपवरून थेट रजिस्टरमध्ये चुकीचा आकडा लिहून दाखवा.